व्हॅनकाकांचा आकडा

टिक्, टिक्, टिक्. आणि मग एक बारीक, लांबच लांब सूर.

तिने दुधाखालचा गॅस बंद केला आणि कान टवकारले. घर अजून झोपेत होतं. नवरा आतल्या खोलीत पालथा पडला होता. बाळाने नुकतेच पुन्हा डोळे मिटले होते. सकाळची ही चिमूटभर शांतता तिची एकटीची असे आणि ती मोडू नये म्हणून ती भांडीसुद्धा पदराखाली लपवल्यासारखी उचलून ठेवायची. हा आवाज मात्र तिच्या ओळखीचा नव्हता. कपडे धुवायच्या मशीनचा नाही, नवऱ्याच्या फोनचा तर नाहीच.

सूर थांबला. मग कुणीतरी जोरात फुंकलं.

जेवणाच्या टेबलाखाली बुटकी बसली होती. पहिलीच्या वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. तिलाही ते मिरवायला आवडायचं. गणवेश अर्धा अंगात, एक मोजा पायात, दुसरा अस्वलाच्या डोक्यावर. आणि हातात श्वास तपासायचं ते काळं यंत्र.

"अगं! ते कुठून काढलंस?"

"हळू बोल. अस्वलाची तपासणी चाललीय."

"दे इकडे. ते खेळणं नाहीये."

"थांब ना! हा नीट फुंकतच नाही, म्हणून मी त्याच्या बदली फुंकलं. ए अस्वला, गाल फुगव. नाहीतर व्हॅनमधून काढून टाकतील तुला."

तिला हसू आलं होतं ते ओठांवरच अडकलं. ती खाली वाकली, टेबलाखाली अर्धी शिरली.

"बुटके, ते मघाशी असं का वाजलं?"

"कसं?"

"तीनदा टिक् टिक्. आणि मग लांब."

"तसंच वाजतं ते." बुटकीने दया आल्यासारखं आईकडे पाहिलं. "बटण दाबायचं आणि सोडायचंच नाही. खूप वेळ. मग ते टिक् टिक् टिक् करतं आणि गायला लागतं. गायला लागलं की फुंकायचं. आधी फुंकलं तर त्याला कळतच नाही."

यंत्र तिच्याकडे येऊन आठवडा उलटून गेला होता. शुक्रवारपर्यंत रोज सकाळी ती ते घेऊन खाली गेली होती. ते एकदाही गायलं नव्हतं.

बिल्डिंगमधली मुलं एकाच व्हॅनने शाळेत जात. व्हॅन चालवणारे काका पुलापलीकडच्या वस्तीत राहायचे आणि त्या वस्तीच्या तोंडाशी दारूचं दुकान होतं. कुणीतरी त्यांना एका संध्याकाळी दुकानासमोर उभं राहिलेलं पाहिलं. उभं राहिलेलं, एवढंच. पण चार घरं फिरेपर्यंत त्या उभं राहण्याला पाय फुटले आणि रविवारी दुपारी अध्यक्षबाईंच्या घरी पालकांची बैठक बसली. अध्यक्षबाई खरं तर कशाच्याच अध्यक्ष नव्हत्या; प्रत्येक गोष्टीत पहिलं वाक्य त्यांचं असायचं, म्हणून ते नाव पडलं होतं. बैठकीत पुरुषमंडळींच्या हातात ग्लास होते, ग्लासांत बर्फ किणकिणत होता. या वस्त्यांमधून पिण्याचं प्रमाण फारच बोकाळलंय यावर सगळ्यांचं एकमत झालं. "त्यांच्यात ते रक्तातच असतं," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तिच्या नवऱ्याने ग्लास गुडघ्यावर टेकवून मान डोलावली होती. एकाने तर शेवटचा घोट घेतला, 'अहो, पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे' म्हणाला, किल्ली बोटावर फिरवत उठला आणि गाडी काढून आपल्या घरी गेला.

यंत्र आणायचं ठरलं. आणि रोज सकाळी व्हॅनकाकांना फुंकायला लावायचं काम कुणाकडे द्यायचं यावर फार बोलणं झालंच नाही.

"तू लॅबमध्ये होतीस ना? मग तुलाच द्यावं," अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या. "मशीनचं तुला कळतं. आणि आता घरीच असतेस."

ती लॅबमध्ये होती हे खरं. बाळ होईपर्यंत ती रक्ताचे नमुने तपासायची. यंत्र आल्यावर अध्यक्षबाईंनी स्वतः फुंकून दाखवलं, ०.०० आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गोंधळात यंत्र गायलं असलंच तर कुणाला ऐकू गेलं नाही. मग तिच्या हातात ते ठेवत त्या म्हणाल्या, "हे बटण दाबायचं, फुंकायला सांगायचं, आकडा बघायचा. हिरवा तर मुलं बसतील. लाल तर नाही. आणि एकदाच हं. पुन्हा-पुन्हा फुंकू दिलं की हे लोक काहीतरी चलाखी करतात."

तिने बटण दाबलं होतं. रोज, एका बोटाने, कडेवर बाळ घेऊन. पडद्यावर बारीक चक्र फिरायचं, काका तेवढ्यात फुंकायचे आणि हिरवा आकडा यायचा. ०.००. चक्र फिरतंय म्हणजे यंत्र मोजतंय, असंच तिला वाटायचं.

आता टेबलाखाली, उकिडवं बसून, तिने बटण तसंच दाबलं आणि सोडलं. चक्र फिरलं. तिने फुंकलं नाही. श्वास रोखून बघत राहिली.

०.००. हिरवा.

"तो माझाच आहे," बुटकी म्हणाली. "थोडं दाबलं की आधीच्याचा दाखवतं. तुला माहीत नाही?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. त्यांनी शोधून काढलं."

"कधी?"

"व्हॅनकाका शेवटचे आले ना, त्या दिवशी सकाळी, ते यायच्या आधी. तू बाळाला अंघोळ घालत होतीस. आधी मी फुंकलं, माझा हिरवा आला. मग बाबांनी फुंकलं. बाबांचा लाल." तिने हात तोंडावर धरला, जणू एखादी फजिती सांगतेय. "शून्य, टिंब, चार, आठ. बाबा म्हणाले, बापरे, मला आता व्हॅनमध्ये घेणार नाहीत."

ती टेबलाखालून बाहेर आली. उठताना डोकं कडेला आपटलं, ते तिला कळलंही नाही. ओट्यावरचा फोन तिने पुसल्या-न पुसल्या हाताने उचलला आणि पालकांच्या ग्रुपवर मागे-मागे सरकत गेली. शुक्रवारची सकाळ. तिनेच काढलेला फोटो. पडद्यावर तिचा अंगठा अर्धा आलेला, मागे व्हॅनचं निळं दार आणि मधोमध लाल आकडा.

०.४८.

शुक्रवारी बाळ रडत होतं. मुलं व्हॅनला खेटून ओरडत होती. काकांनी फुंकलं, तिने पडदा वळवून पाहिला: लाल. काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आकड्याकडे.

"ताई, मी घेत नाही."

तिने रडणारं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पुन्हा एकदा फुंकू का?"

लॅबमध्ये मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, नेहमीपेक्षा वेगळा आकडा आला की नमुना पुन्हा लावायचा. माणूस कुणीही असो. बंगल्यातून ड्रायव्हरबरोबर आलेली बाटली असो, नाहीतर रांगेत सकाळपासून ताटकळलेला मजूर असो. तिने कितीतरी अनोळखी माणसांचं रक्त पुन्हा लावलं होतं, जेवण टाकून, शेवटची बस सोडून. आणि ज्या माणसाच्या हातात ती रोज आपली मुलगी द्यायची, त्याला ती म्हणाली होती, "काका, नियम आहे."

त्यांनी वाद घातला नाही. त्यामुळेच सगळ्यांची खात्री पटली. खरं नसतं तर आकांडतांडव केलं असतं ना, असं अध्यक्षबाईंनी ग्रुपवर लिहिलं. फोटोखाली पटापट अंगठे उमटले.

तिने आता अंगठ्यांवर बोट ठेवलं. नावं उघडली. पहिला अंगठा तिच्या नवऱ्याचा होता.

आतल्या खोलीत नळ सुरू झाला.

तो बाहेर आला तेव्हा दाढी झालेली, शर्टाला कडक इस्त्री, केसांतून पाणी निथळतंय. कुणालाही हेवा वाटावा असा सकाळचा माणूस. काल ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा निरोपाचा कार्यक्रम होता. उशिरा आला, पण बूट जागेवर ठेवले, कपडे घडी करून खुर्चीवर, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि झोपला. तो कधी झोकांड्या खात आला नाही, कधी आवाज चढवला नाही. त्याच्या भाषेत पिणारी माणसं वेगळी आणि घेणारी वेगळी. तो घेणाऱ्यांतला होता. आठवड्यातून दोनदा, हल्ली तीनदा, पण चांगल्या ठिकाणी, चांगल्या माणसांत, चांगली.

"बुटक्याबाई, तयार का? आज आपली पाळी." त्याने उभ्याउभ्या कॉफीचा कप उचलला. "गाडीत पुढे कोण बसणार यावरून खाली युद्ध पेटलं असेल."

व्हॅन बंद झाल्यापासून मुलांना सोडायला पालकांच्या पाळ्या लागल्या होत्या. आज त्याची. चार मुलं, आणि त्यातली एक त्याची स्वतःची. किल्ली टेबलावर, ब्रेडच्या पिशवीशेजारी पडली होती. तिने ती उचलली आणि गाऊनच्या खिशात टाकली.

"अरे, किल्ली?"

"आधी एकदा फुंक."

"काय?"

तिने यंत्र पुढे केलं. तो हसला. मग ती हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं.

"डोकं ठिकाणावर आहे का? मी काय व्हॅनवाला आहे?"

"नाहीस ना? मग फुंक."

"आत्ता मी काही घेतलंय का? दात घासलेत, अंघोळ केलीय, कॉफी पितोय. तुझ्यासमोर उभा आहे सरळ. चालून दाखवू?"

"चालू नकोस. गाडी चालवणार आहेस, म्हणून म्हणतेय."

"रात्रीची गोष्ट रात्री संपते गं."

"मग येईल की शून्य."

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे, मग किल्लीच्या खिशाकडे. खालून कुणीतरी हॉर्नसारखा आवाज काढून बुटकीला हाक मारली. बुटकी दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली, दुसरा मोजा हातात.

"बाबा, फुंका ना. मी बटण दाबते. मला येतं."

मुलीला नाही म्हणणं त्याला कधी जमत नसे. बुटकीने जीभ दातांत धरून बटण दाबून ठेवलं. टिक्, टिक्, टिक्. सूर निघाला. बापाने गुडघ्यावर बसून फुंकलं, तिच्या वाढदिवसाच्या फुग्यात फुंकायचा तसंच, गाल फुगवून.

०.३९. लाल.

स्वयंपाकघरात दुधावर साय धरत होती. बुटकी म्हणाली, "या वेळी कमी आला!" आणि मग आळीपाळीने दोघांची तोंडं बघू लागली.

"मशीन बिघडलंय," तो उठत म्हणाला.

"बिघडलंय?"

"अशी स्वस्तातली यंत्रं काही खरी नसतात. कुणीही सांगेल."

"मग व्हॅनकाकांचा आकडाही खोटा."

त्याने कप दुसऱ्या हातात घेतला.

"आणि यंत्र खरं असेल," ती म्हणाली, "तर तू आज मुलांना नेणार नाहीस. यातलं काय ते तू सांग. मी दोन्हीला तयार आहे."

तिचा आवाज इतका हळू होता की बाळही जागं झालं नसतं. त्याने कप खाली ठेवला, पण बशीत नेमका बसला नाही. तो पुन्हा सरळ केला.

"शुक्रवारी मी चुकीचं बटण दाबत होते. म्हणजे बटण तेच, पण नुसतं टिचकी मारून. ते मोजतच नव्हतं. आधीच्याचा आकडा दाखवत होतं. आधी तू फुंकलं होतंस."

"मला काय माहीत तू कशी दाबतेस ते?"

"फोटो पाहिलास ना ग्रुपवर? शून्य टिंब चार आठ. त्याच्या तासाभर आधी तुझा तोच आला होता."

घड्याळाचा पट्टा त्याने एक भोक सैल केला, मग पुन्हा आवळला.

"मला वाटलं, योगायोग असेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाआधी हाच माणूस रस्त्यात पडलेल्या म्हाताऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला होता आणि तिला भेटायला दोन तास उशिरा आला होता, शर्टाला रक्त लावून. त्या शर्टावर तिचा जीव जडला होता.

"योगायोग वाटला," ती म्हणाली, "आणि तू अंगठा दिलास."

"मग काय करायला हवं होतं मी? सगळ्यांसमोर सांगायचं, की अहो, हा बहुतेक माझा आहे?" त्याचा आवाज चढला आणि त्याने तो लगेच दाबला. "आणि समज, त्या माणसाने खरंच घेतली असती तर? कोण कुठला... त्याला दुसरीकडे काम मिळेल. मिळतं त्यांना. माझं काय होईल विचार केलायस? याच बिल्डिंगमध्ये राहायचंय आपल्याला. अध्यक्षबाईंचा नवरा माझ्या साहेबांबरोबर उठतो-बसतो."

आत बाळ रडायला लागलं. ती हलली नाही. नेहमी ती पहिल्या हुंदक्याला धावायची. आज त्यानेच आत जाऊन बाळाला उचललं, खांद्यावर टाकलं, थोपटत बाहेर आला. बाळ त्याच्या इस्त्रीच्या कॉलरला तोंड पुसत शांत झालं. तो बुटकीसमोर उकिडवा बसला.

"हे बघ, बुटके. ही आपल्या घरातली गंमत. खाली कुणाला सांगायची नाही. कळलं?"

"कुठली? लाल आकड्याची?"

"हं."

"का?"

"घरातली गोष्ट घरात ठेवायची असते म्हणून."

बुटकीने आईकडे पाहिलं. आईने तिच्या हातातला मोजा घेतला, जमिनीवर बसली आणि तिच्या पायात चढवू लागली. मोजा उलटा होता. काढून पुन्हा चढवला. मुलीच्या टाचेवर कालची पट्टी अर्धी निघाली होती, ती तिने दाबून बसवली. तेवढ्यात काहीतरी बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

मग ती फोन घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली.

"हां, ताई," पलीकडून लगेच आवाज आला. मागे गाड्यांची घरघर होती. "पाण्याची बाटली ना? गुलाबी? सीटखाली राहिली होती. मी वॉचमनकडे देऊन ठेवलीय."

"बाटलीसाठी नाही केला फोन. काका, कुठे आहात?"

"पुलाखाली."

"पुलाखाली काय करताय?"

"घरी सांगितलं नाही अजून." ते हसल्यासारखं काहीतरी करत म्हणाले. "रोजच्या वेळेला निघतो, इथे सावलीत व्हॅन लावतो, शाळा सुटायच्या वेळी परततो. काय आहे ताई, माझा बाप त्यातच गेला. बायकोने लग्नाच्या वेळी एकच विचारलं होतं, तुम्ही घेता का? तिला कळलं की मशीनमध्ये लाल आला, तर ती मशीनवर विश्वास ठेवील. तुम्ही शिकलेल्या असून ठेवलात, मग ती तर..."

तिने खिडकीचा गज धरला. गार होता.

"काका, चूक माझी होती. मशीन मला लावताच आलं नव्हतं. तो आकडा तुमचा नव्हता."

पलीकडे एक मोठी गाडी गेली.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"आत्ता याल? मुलं गेटवर उभी आहेत."

"येतो की. पाच मिनिटांत येतो." आणि मग, जरा थांबून, "पण मुलं बसायच्या आधी मी फुंकणार, ताई. सगळ्यांसमोर. आणि तुम्ही बघा नीट."

"बघते," ती म्हणाली.

ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा नवरा बाळाला घेऊन तिथेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तिने गाऊन बदलला, केस बांधले, यंत्र घेतलं. दाराशी आल्यावर तिला वाटलं, तो अडवील. त्याने हात पुढे केला तो बुटकीचं दप्तर द्यायला.

"अध्यक्षबाई विचारतील," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. इतक्या जवळून आता दिसत होते. "तू काय सांगणार आहेस?"

"बाळाला दूध कोमट करून दे. बाटली ओट्यावर आहे."

गेटवर मुलांचा गलका होता. अध्यक्षबाई आपल्या जुळ्यांच्या दोन दप्तरांच्या मध्ये, दोन्ही हातांत एकेक पट्टा धरून, घोडागाडी हाकल्यासारख्या उभ्या होत्या. आणखी दोघी आया आणि एक आजोबा.

"काय गं, साहेब कुठेत? हे दोघे मघापासून पुढच्या सीटवरून एकमेकांचे केस उपटतायत. गाडी सुरू होत नाही का?"

"आज गाडी नाही. व्हॅन येतेय."

"कुठली व्हॅन?"

तोवर ती निळी व्हॅन वळणावर दिसलीसुद्धा. मुलांनी एकच ओरडा केला. "काका! काका आले!" अध्यक्षबाईंनी दप्तरांचे पट्टे आवळले आणि जुळे दोन्हीकडून मागे खेचले गेले.

"हा कशाला आला?"

"मी बोलावलं."

काका खाली उतरले. दाढी केलेली, शर्ट धुतलेला, कामावर जाणाऱ्याचा. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ तिच्यासमोर येऊन उभे राहिले, हात मागे बांधून, शाळेत नखं दाखवायला उभं राहावं तसे. आज तिचे दोन्ही हात मोकळे होते. तिने बटण दाबलं आणि सोडलं नाही. टिक्, टिक्, टिक्. सूर निघाला तशी मुलं गप्प झाली.

काकांनी फुंकलं. हिरवा. ०.००.

"पुन्हा एकदा, काका," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली. पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. आणि पुन्हा फुंकलं. या वेळी जरा जास्तच जोरात, सूर संपला तरी फुंकत राहिले.

०.००.

"आज नसेल घेतली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "शुक्रवारचं काय?"

तिने यंत्र त्यांच्या हातात दिलं. "बटण दाबा. नुसतं टिचकी मारून. आणि फुंकू नका."

अध्यक्षबाईंनी दाबलं. चक्र फिरलं. हिरवा आकडा आला. त्यांनी तो पाहिला, यंत्र उलटं करून मागची बाजू पाहिली, पुन्हा दाबलं.

"अगं, पण कुणी फुंकलंच नाही."

"तेच. असं दाबलं की आधीच्या माणसाचा आकडा येतो. मी आठवडाभर असंच दाबत होते. पहिले काही दिवस तुमचंच शून्य काकांच्या नावावर टाकत होते."

आजोबा खोकल्यासारखे हसले. "म्हणजे अध्यक्षबाई, तुमच्या जिवावर पोरं शाळेत गेली म्हणायची."

कुणीतरी हसलं. काकांनी व्हॅनचं दार सरकवलं आणि जुळे आईच्या हातून सुटून आत घुसले. वातावरण सैल झालं; एक आई काकांना म्हणालीही, बरं झालं बाई, मला आधीपासूनच वाटत होतं. तिला वाटलं, झालं. मुलं बसतील, दार लागेल, बाकीचं वर जाऊन बघू. बुटकीचा घामेजलेला हात तिच्या हातात होता आणि तो तिने सोडायला घेतला.

अध्यक्षबाई मात्र हसत नव्हत्या. त्या अजून यंत्राकडे बघत होत्या. हिशोब जुळवताना माणसाचे ओठ हलतात तसे त्यांचे ओठ हलले.

"आधीच्या माणसाचा," त्या म्हणाल्या. "बरं. मग शुक्रवारी आधीचा कोण होता? मशीन तर तुझ्याच घरी होतं."

आजोबांचं हसू विरलं. दारावरचा काकांचा हात तिथेच राहिला. ते तिच्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते, पण त्यांची पाठ ऐकत होती.

तिने वर पाहिलं. गॅलरीत तो उभा होता, बाळ खांद्यावर, एका हाताने थोपटत. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. थोपटणं तेवढं दिसत होतं, एका लयीत, मग थांबलेलं.

बुटकीने तिची बोटं ओढली. ती वाकली. मुलीने दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्या कानाला लावली. कानात श्वास आला, दुधाचा, गरम.

"आई," ती कुजबुजली, "सांगू?"